पांगाशची पिल्लं

मनोहर सबनीस मत्स्यखात्यात होते. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास मुंबईहून त्यांची कलकत्त्याला बदली झाली. हुगळीतला पांगाश मासा विरळ होत चालला होता. त्याची पैदास माणसाच्या हातून होते का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी अंड्यांवर आलेली मादी आणि तयार नर एकाच वेळी हवेत. दर पावसाळ्यात ते हरिपद कोळ्याच्या होडीत भिजत बसत. मादी मिळे तेव्हा नर नसे. बहुतेकदा दोन्ही नसत.

"नदी थकली, बाबू," हरिपद म्हणे. सबनीस मान हलवत. तेही थकले होते.

छप्पनच्या आषाढात दोन्ही एकाच जाळ्यात आले. सबनीसांनी मादीचं पोट अलगद दाबून अंडी परातीत घेतली, वर नराचं रेत सोडलं, पिसानं ढवळलं. ते सगळं मडक्यात घालून आगगाडीनं हावड्याला आणि तिथून ट्रामनं भवानीपूरला घरी आणलं. रविवार होता, ऑफिस बंद.

वृंदाबाईंना माशाच्या वासानं मळमळायचं. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी पदर खोचला. "तुम्ही जरा पडा. पाणी मी बदलते."

सोमवारी पिल्लं निघाली. केसाएवढी, वळवळणारी. सबनीस कितीतरी वेळ मडक्यावर ओणवे होते. चहा गार झाला.

ऑफिसातल्या टाकीत हलवल्यावर मात्र पिल्लं कमी होऊ लागली. मेलेलं एकही तरंगत नव्हतं. सबनीसांनी भिंग लावलं. एका पिल्लाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आली होती. उकडलेल्या अंड्याचा बलक घातला, पाण्यातले किडे घातले. ती एकमेकांनाच खात राहिली.

"रोहूची पिल्लं असं करत नाहीत," साहेब म्हणाले. "आता रोहूचंच बघा."

उरलीसुरली पिल्लं सबनीसांनी घाटावर नेऊन सोडली. वृंदाबाई बरोबर होत्या.

"पुढच्या पावसात पुन्हा करून बघाल ना?"

"नर मिळाला तर."

पुढचे दोन पावसाळे ते रजा काढून हरिपदकडे गेले. नर मिळाला नाही. तिसऱ्या वर्षी हरिपदनं होडी विकली आणि गिरणीत लागला. सबनीस निवृत्तीपर्यंत रोहूचं काम करत राहिले. ते चांगलं चाललं.