जानकूची पाळी

राजुरीची इंद्रायणी सासर सोडून माहेरी आली तेव्हा बी.ए.ची पदवी सोडली तर तिच्या हाती काहीच नव्हतं. सत्त्याण्णव साली पुण्याच्या एका संशोधक मॅडमना वस्त्यावस्त्यांवर फिरणारी बाई हवी होती. ते काम इंद्रायणीनं धरलं. सोळा पानांचा कागद असायचा. पीक कोणतं, कामाला कोण येतं, मत कोणाच्या शब्दावर देता, शेजाऱ्यावर भरवसा किती. या शेवटच्या प्रश्नाला माणसं आधी दाराकडं बघत, मग हसत, मग खोटं बोलत. इंद्रायणीला ते कळायचं, पण ती मुकाट लिहून घ्यायची.

खडकमळ्यात कुणी हसलं नाही.

अठरा घरांची वस्ती, सगळ्यांचं रान एकाच पाटावर भिजायचं. "पुरता भरवसा हाये," अठरा घरांनी एकच उत्तर दिलं. पाण्याची पाळी कधी मोडली? "न्हाई." कधीच? "दुष्काळापास्नं न्हाई." मॅडमना कागद दाखवल्यावर त्या खुर्चीतून उठल्याच. अशी एकी त्यांनी कुठं पाहिली नव्हती. इंद्रायणीला मात्र एक गोष्ट खटकत होती. उत्तर देताना प्रत्येकाची नजर पाटाच्या शेपटाकडं जायची आणि चटका बसल्यासारखी माघारी यायची.

ती दुसऱ्यांदा गेली तेव्हा वस्तीतल्या थोरल्या गेणभाऊंनी तिला थांबवलं. "ताई, येक कागूद ऱ्हायला."

"अठरा घरं झाली की, भाऊ."

"पाळ्या एकोणीस हायती."

भर दुपारी ते तिला पाटाच्या शेपटाला घेऊन गेले. चहूकडं ऊस, आणि मधोमध दोन एकर उघडं रान. पेरलेलं काही नव्हतं, तरी वाफे बांधलेले होते. पाणी चालू होतं. पहिला वाफा भरला तसा त्याच्या तोंडाशी चिखलाचा बांध पडलेला दिसला, ओला, खोऱ्यानं थापल्यासारखा. दुसऱ्याचं दार मोकळं झालेलं. इंद्रायणी बघतच राहिली. तिसरा भरत आला. ती तिथून हलली नाही, पापणीही लवू दिली नाही. फक्त उसात काहीतरी सळसळलं म्हणून तिनं मान वळवली. परत बघते तर तिसऱ्याचं दार बंद, चौथ्यात पाणी.

"दारं कोण धरतंय?"

"ज्याची पाळी हाय त्यो," गेणभाऊ खाली बघत म्हणाले. "जानकू."

मग त्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात रात्रीतून पाट फुटला, पाणी जानकूच्या रानात गेलं. तो धनगराचा, त्याच्या जातीचं वस्तीत दुसरं घर नव्हतं. पाट त्यानंच फोडला असं धरून बैठक बसली, अठरा हात वर झाले, त्याचं पाणी तोडलं. त्याची ज्वारी उभी जळाली. एका दुपारी खांद्यावर खोरं टाकून तो रानात शिरला आणि पुन्हा कुणाला दिसलाच नाही. पुढं पाट उकरला तेव्हा कळलं, बांध खेकड्यांनी पोखरला होता. त्या वर्षीपासून त्याची पाळी कुणी घेतली नाही आणि दुसऱ्याची मोडायची छाती कुणाला झाली नाही.

"त्याचाबी कागूद भरा. उत्तरं मी देतो."

ती बांधावर बसली. प्रश्न विचारत गेली, गेणभाऊ सांगत गेले. शेवटी तिनं विचारलं, "शेजाऱ्यांवर भरवसा?"

"न्हाई," गेणभाऊ म्हणाले. "येकावरबी न्हाई." आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "म्या… म्या न्हाई बोललो, ताई."

मॅडमनी तो एकोणिसावा कागद बाजूला काढला. मेलेल्या माणसाची मुलाखत अभ्यासात बसत नाही, असं म्हणाल्या. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण इंद्रायणीनं जानकूच्या घरच्यांचा माग काढायला घेतला. जानकूमागं त्याची बायको वस्ती सोडून गेली, तिचं नाव म्हाळसाबाई, एवढं तिला कळलं होतं. महिनाभर विचारत विचारत ती पारगावपर्यंत गेली. म्हातारी भावाची मेंढरं राखत होती.

सगळं ऐकून म्हाळसाबाई म्हणाली, "नुसतं पाणीच सोडत्यात व्हय? पंचवीस वर्सं? माज्याकडं येकजणबी आला न्हाई."

इंद्रायणीनं ते शब्द जसेच्या तसे खडकमळ्यात सांगितले. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून अठरा घरची माणसं पारगावला गेली. गेणभाऊ मेंढरांच्या वाड्यापाशी गुडघ्यावर बसले. म्हातारीनं त्यांना तासभर उठू दिलं नाही. मग म्हणाली, "माजं रान मला द्या." रान तिच्या ताब्यात आलं. तिथल्या पुढच्या पाळीला पाणी पहिल्याच वाफ्यात तुंबलं आणि बांध फोडून वाहून गेलं. दार कुणी धरलं नव्हतं.

दहा वर्षांनी मॅडमनी तोच अभ्यास पुन्हा काढला. इंद्रायणी खडकमळ्यात गेली. गेणभाऊ वारले होते. वस्तीत दोन पार्ट्या झाल्या होत्या, पाटात चोरून पाणी उपसायच्या मोटारी बसल्या होत्या. अकरा घरांनी सांगितलं, "भरवसा? कुणाचा धरायचा?" मॅडमचा फोन आला. "असं झालं तरी काय तिथं?" "जानकूची पाळी संपली, मॅडम," इंद्रायणी म्हणाली.

निघताना गेणभाऊंचा नातू पप्पू गाडीपर्यंत आला. "ताई, म्हातारी थकली आता," तो हळूच म्हणाला. "तिच्यामागं ते रान पयल्यासारखं रिकामं सोडावं, आसं आमी ठरवतोय. पाणी सोडायचं. कुणी आलं तर आलं. मंग पाळी मोडायची छाती कुणाची हुनार न्हाई."

"आणि नाही आलं तर?"

पप्पूनं पाटाच्या शेपटाकडं पाहिलं. तिथं म्हाळसाबाई कमरेत वाकून मेथीला पाणी देत होती.

"मंग जानकूवानी कुणाला तरी धाडावं लागंल," तो म्हणाला.

इंद्रायणीनं त्या वर्षी ते काम सोडलं. नारायणगावात शिकवण्या घेऊ लागली. खडकमळ्याकडं ती पुन्हा गेली नाही. फक्त दर महिन्याला पारगावला म्हाळसाबाईच्या भावाकडं जायची, म्हातारी बरी आहे ना, एवढंच विचारायला.