झाकणावर नको, बुडावर लिही

काकूंचा हात चांगला, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्या डिशांमध्ये पेशी वाढवत होत्या. एक दिवसाआड जुनं खाद्य काढायचं, ताजं घालायचं आणि डिश सदतीस अंशांच्या उबदार कपाटात ठेवायची. "पोटच्या पोरांचे इतके लाड केले नाहीत मी," असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. नव्या माणसाला पहिला धडा एकच: नाव डिशच्या बुडावर लिही, झाकणावर नको. झाकणांचं काय, कुणाचं कुणावर बसेल नेम नाही.

यंदा त्यांची नोकरी संपत होती. दोन वर्षांची मुदतवाढ प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, एका सहीवर अडली होती. काकूंना ती मनापासून हवी होती, कारण नवऱ्याशेजारी दिवसभर टीव्हीसमोर बसायचं हा विचारच त्यांना सोसत नव्हता.

अशात एके दुपारी घाईबाई रडवेली झाली. घाईबाई म्हणजे तिथली संशोधक मुलगी. नाव काकूंनीच ठेवलेलं. तिचा अभ्यास पेशींच्या ठिपक्यांचा: कुठलंही संकट आलं की पेशी रोजची कामं थांबवते आणि तिच्या आत बारीक ठिपके उमटतात. ती पेशीची बोंब. आदल्या संध्याकाळी घाईबाईनं एका डिशमध्ये विषाणू सोडला होता, दुसरी तशीच ठेवली होती. आता मायक्रोस्कोपखाली सगळं उलटंच. विषाणूवाल्या पेशींत एक ठिपका नाही, आणि धडधाकट पेशी ठिपक्यांनी भरलेल्या.

"काकू, डिशा बदलल्यात तुम्ही," सर म्हणाले. "वय झालं की होतं असं."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी डिशा वर उचलून बुडं दाखवली. नावं ठळक, जिथल्या तिथे.

"मग हिनंच विषाणू भलतीकडे घातला," सर घाईबाईकडे वळले. "टाकून दे सगळं. तीन महिन्यांची तयारी फुकट."

खरं काय ते एकट्या काकूंना माहीत होतं. सकाळी खाद्य बदलून त्यांनी दोन्ही डिशा शेजारच्या कपाटात ठेवल्या होत्या. ते दुसऱ्या कुणाच्या कामासाठी चव्वेचाळीस अंशांवर होतं. चाळीस मिनिटांनी लक्षात आल्यावर त्यांनी डिशा मुकाट्यानं जागेवर आणल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची! आता सही व्हायची होती आणि पोरगी डिशा कचऱ्याकडे घेऊन निघाली होती.

"थांब गं," काकू म्हणाल्या. "सर, तिचं नाही, माझं चुकलं." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सरांचा चेहरा उतरला. घाईबाई मात्र तिथेच उभी राहिली. "दोन्ही डिशा, काकू? एकदमच?"

"एकदमच. शेजारी शेजारी."

"म्हणजे चटका दोघींना बसला, आणि ओरडली एकच!"

"अगं, मग चोरानं शिरल्याशिरल्या कुत्र्याचं तोंड बांधलं असेल," काकू म्हणाल्या.

नेमकं तेच होतं. विषाणूला पेशी स्वतःच्या कामाला लावायची होती, म्हणून त्यानं आधी तिची बोंबच बंद केली होती. घाईबाईनं मुद्दाम चटका देऊन चारदा करून पाहिलं. चारही वेळा तेच. सर खूश झाले, सगळ्यांना चहा पाजला.

सही मात्र केली नाही. "न सांगितलेल्या चुका किती असतील, कुणाला ठाऊक," म्हणाले. घ्या! सांगितली म्हणून ही गत. काकूंना फार लागलं.

शेवटच्या दिवशी टेबलावर घाईबाईच्या नव्या डिशा होत्या. सवयीनं काकूंनी एक वर धरून खालून पाहिली. बुडावर लिहिलं होतं: '४४ अंश, ४० मिनिटं'.

"बुडावर लिहिलंस हो," त्या घाईबाईला म्हणाल्या. डोळे भरून आले होते, म्हणून कपाटावरचा आकडा त्यांनी दोनदा वाचला आणि मगच डिश आत ठेवली.