राखणीच्या माळ्यावर पुन्हा

उजेडाकडं सरक गं बाई, आणि हे पत्र सावकाश वाच. शेवटची ओळ आधी वाचायची तुझी लहानपणाची खोड अजून गेली नाही. तुझी आत्या पन्नाशीला टेकल्यावर अक्षरं गिरवायला शिकली. एकेक ओळ लिहिता लिहिता बोटं दुखतात, आणि तू घटकेत उरकतेस होय?

तू विचारलंस, आत्या, तुला हा पाखरं बघायचा नाद कुठून लागला? लागला नाही, परत आला. आणि त्यात तुझ्या आईचा हात आहे. ते तिनं तुला सांगितलं नसणार.

मानमोडीच्या तापाची साथ आली, त्यात आमचे मालक गेले, मागोमाग माझा पोरगा. सासर माझं हद्दीपल्याड, इंग्रजांच्या मुलखात. तुझा बाप गाडी जुंपून आला आणि मला निजामाच्या मोगलाईत, उमापूरच्या शिवारात, माहेरी घेऊन निघाला. करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं जकातीसाठी माझं गाठोडं सोडायला लावलं. "क्या लाई हो, माई?" दोन लुगडी आणि एक तांब्या. बघून त्यालाच कसंतरी झालं. मला काही झालं नाही. तेव्हा मला काहीच होत नव्हतं. भूक नाही, रडू नाही. तव्याचा चटका बसला तरी हात उशिरानं निघायचा.

चुलीपुढं बसवलं तर भाकरी करपायची आणि मी बघत राहायचे. पौषात ज्वारीची कणसं भरली तसा तुझा बाप म्हणाला, "आक्का, तू माळ्यावर बस. तुझ्यावानी राखण साऱ्या शिवारात कुनाला जमत नव्हती."

ते खरं होतं. लग्नाआधी शेतातल्या चार मेढींवरच्या त्या माळ्यावर मीच असायचे. पाखरं हाकलायची माझी आरोळी तीन शेतं ओलांडून जायची. पण राखण हे निमित्त गं. मला बघायचा नाद. होला उडण्याआधी मान कशी आखडतो, कोतवाल म्हशीच्या पाठीवरून झेप घेऊन किडा कसा टिपतो, सातभाई कडाकडा भांडून परत एकाच फांदीवर कसे चिकटून बसतात. सासरी गेले आणि मान वर करायचं राहूनच गेलं.

तर मी चढले. गोफण हातात घेतली. हाताला ओळखीची वाटली, एवढंच. चिमण्या आल्या. मी तोंड उघडलं, तर घशातून नुसता वारा. बोलता येत होतं, आरोळी येत नव्हती. हातही वर जाईना. मग बघत बसले. त्यानं बरं वाटायचं असंही नाही. पण पाखरू मला काही विचारत नव्हतं.

मग एका सकाळी भोरड्या आल्या. गुलाबी अंग, काळं डोकं, येतात त्या हजारांनी. शेजारच्या माळ्यावरून ओरडा झाला, थवा उठला. पुढच्या शेतावर गेला, तिथंही ओरडा. साऱ्या शिवारात एकच शेत गप्प होतं, आपलं. सगळा थवा तिथं उतरला. ज्वारीची ताटं वाकली. कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज. एक तर माळ्याच्या काठावर माझ्या पायाशी येऊन बसली. चोचीला हुरड्याचा चीक लागलेला. मी तिच्याकडं बघत उभी, गोफण लोंबत होती.

तुझा बाप पळत आला तोवर विहिरीकडच्या पट्टीत नुसती ताटं उरली होती.

संध्याकाळी ओसरीवर तुझी आई उभी, तू तिच्या कडेवर. "वन्सं, पाखरांना पंगत घातली व्हय? मग पत्रावळी तरी मांडायच्या! आता ह्या लेकराच्या तोंडात काय घालू, भोरड्या?"

तुझा बाप म्हणाला, "आक्का, कावून वरडली न्हाईस?"

"आरोळी निघत न्हाई."

"मग सांगायचं की! ऱ्हाऊ दे. उद्यापासून गडी बसवतो. तू घरातच बस."

ते ऐकलं मात्र, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी लागलं. मी म्हणाले, "मला माळ्यावर बसू द्या." तोवर मी काहीच मागितलं नव्हतं त्या घरात. तुझी आई आत जाऊन भांडी आपटत राहिली.

सकाळी बघते तर ती माझ्याआधी माळ्यावर. तुला झोळीत टाकलेलं, हातात राकेलचा रिकामा डबा आणि काठी.

"या वर. तुमी बघा, मी वरडते. मला मेलीला थवा डोस्क्यावर येस्तवर दिसत न्हाई."

मला लांबून दिसायचा. बाभळींच्या रांगेवर आधी धुरासारखा डाग यायचा. मी तिच्या कोपराला हात लावायचे, ती डबा बडवायची आणि अशा शिव्या घालायची की थव्यासोबत शेजारचा गडीही दचकायचा. अधेमधे विचारायची, "ते निळं कोन हो?" मी सांगायचे, नीळकंठ.

पट्टी गेली ती गेली. त्या वर्षी भाकरी लहान झाल्या, आणि ते तिनं मला अनेकदा ऐकवलं. पण माळ्यावरून उतर म्हणाली नाही. आरोळी माझी परत आली नाही, रडूही लई उशिरा आलं.

अजून आम्ही दोघीच बसतो. तिचे गुडघे दुखतात, शिडी चढताना मला शिव्या देते. कणसं भरायला लागलीत. सासूबाईंना विचार आणि चार दिवस ये. लवकर ये गं, माळ्यावर तिघींना जागा होते.