उचललेल्या लकबी

आमच्या झाशीच्या रेल्वे ऑफिसात एक गृहस्थ आहेत. ओळखी वाढवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. सिव्हिल लाइन्सपासून छावणीपर्यंत कुठल्या बंगल्यातल्या कुत्र्याचं नाव काय, हेसुद्धा त्यांना ठाऊक. कोणी साहेब निवृत्त झाले, की निरोपाच्या दिवशी हे त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभे राहतात. म्हणतात, "साहब, कुछ सिखाकर जाइए।"

सोमवारी ते त्या साहेबांसारखे वागायला लागतात. एका साहेबांचं टायनं चष्मा पुसणं त्यांनी उचललं, दुसऱ्यांचं बोलण्याआधी घसा खाकरणं. ते खाकरणारे साहेब गेल्या वर्षी वारले. तरी जिन्यात तसं खाकरणं ऐकू आलं, की मी अजून खुर्चीतून उठते.

"लीडर ऐसे ही बनते हैं, मैडम जी," ते म्हणतात. खोटं कसं म्हणू? आज तेच आमचे प्रमुख आहेत, आणि लोक त्यांचं मुकाट्यानं ऐकतात.

ऑफिसात मराठी बोलणारी मी एकटीच. काल मीटिंगमध्ये माझ्यासारखंच पेन टेबलावर दोनदा आपटून ते म्हणाले, "फाइल आज ही जाएगी, बरं का." सगळे हसले. आवाज हुबेहूब माझा होता.

मला निवृत्त व्हायला अजून सहा वर्षं आहेत. मीटिंग संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.