मोठ्या रेतीवरचा वामन

तार शाळेत आली. तिसरा तास चालू होता, मी सातवीचे निबंध तपासत बसलो होतो आणि शिपायाने दारातूनच पाकीट दाखवलं. वामनच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या कुणा भल्या माणसाने इंग्रजीत केलेली तार होती. ताप, मृत्यू, अंत्यविधी उरकला... रेल्वेने दोन दिवस लागतात अशा मुलखात माझा लहानपणापासूनचा मित्र जळून राख झाला होता आणि मी इथे पोरांच्या वहीवर लाल शाई ओढत होतो. तार घेऊन त्याच्या बायकोकडे, इंदूवहिनींकडे, मीच गेलो. त्या ओसरीवर गहू पाखडत होत्या. शाळेच्या वेळेत मला दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बदली रद्द झाली का, भाऊजी?" असं त्यांनी विचारलं. पुढचं काही मला लिहिता येत नाही.

पंधरा दिवसांनी शोकसभा झाली आणि तिथून उठल्यापासून माझा संताप आवरत नाही. सभेला गाव लोटला होता. एकामागून एक वक्ते उठले आणि त्यांनी वामनचा पार पुतळा करून टाकला. मराठीसाठी झिजलेला वीर काय, मायबोलीच्या यज्ञातली समिधा काय! एका गृहस्थांनी तर वामनने "अन्यायापुढे मान तुकवण्यापेक्षा परक्या मुलखात मरण पत्करलं" असं टाळ्यांच्या गजरात सांगितलं. शोकसभेत टाळ्या! ज्या माणसाने उभ्या जन्मात कचेरी, घर आणि तापीची रेती याखेरीज काही मागितलं नाही, त्याच्या नावावर मेल्यावर ही भाषणं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. उठून "खोटं आहे हे" असं म्हणायला हवं होतं, पण मी मान डोलावत राहिलो. म्हणून आता लिहितो आहे.

वामन कोण होता ते आधी सांगतो, कारण सभेत ते कुणीच सांगितलं नाही. तो एका सरकारी कचेरीत कारकून होता. कोणती कचेरी त्याने फरक पडत नाही, सगळ्या सारख्याच. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव भिडस्त, आणि दिलेला शब्द मोडणं त्याला ठाऊक नव्हतं. पण वामन खरा दिसायचा तो मोठ्या रेतीवर. बुऱ्हाणपूरकरांना मोठी रेती सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. शहराच्या वरच्या अंगाला तापी एक वळण घेते आणि पाणी उतरलं की तिथे रेतीचा लांबरुंद पट्टा उघडा पडतो. घाटावरची गर्दी तिथवर पोचत नाही. दुपार कलली की पात्रातून असा वारा सुटतो की बायकांचे पदर जाग्यावर राहत नाहीत आणि पुरुषांच्या टोप्या पोरांना पळत जाऊन आणाव्या लागतात. संक्रांत झाली की आमच्या गल्लीतली घरं दर रविवारी तिकडे निघायची. जसोंडी गावची वांगी, कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, भरीत, कळण्याच्या भाकरी... भरतात रेती यायचीच. दाताखाली कचकन आलं की वामन म्हणायचा, "चावू नका, गिळा. तापीमाय वाढू राहिली."

आणि झिरा. रेतीत हात-दीड हात खड्डा खणला की खालून पाणी झिरपून येतं, त्याला आम्ही झिरा म्हणतो. नदी समोर वाहत असली तरी प्यायला पाणी झिऱ्याचंच. तो कुठे खणायचा हे वामनला कसं कळायचं ते त्यालाच माहीत. तो अनवाणी चालत जायचा, टाचेने दोन-तीन ठिकाणी दाबून बघायचा आणि एका जागी बसायचा. पहिलं पाणी गढूळ म्हणून उपसून टाकायचं, दुसरंही टाकायचं, तिसरं टाकायचं. आम्ही तहानेने कासावीस झालेले असायचो आणि हा हात आडवा धरून "थांबा, अजून बसलं नाही" असं म्हणत असायचा. चौथ्या खेपेचं पाणी आधी बायकांना, मग पोरांना. रेतीवर कुणीही अनोळखी कुटुंब आलेलं असो, कोणत्याही मोहल्ल्यातलं असो, वामनच्या झिऱ्याला मज्जाव नव्हता. आमच्यातल्या दोन सोवळ्या घरांनी यावरून कुरबूर केली, तेव्हा हा त्यांना एवढंच म्हणाला, "तुमचा तुम्ही खणून घ्या ना, रेती काय कमी आहे?" त्यांना खणता येत नव्हतं, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. निघताना झिरा बुजवायचा, नाहीतर गुरांचा पाय जातो. ते कामही तोच करायचा.

मग राज्यांची फेररचना झाली. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आपण इकडे हिंदी मुलखात राहिलो, राजधानी भोपाळला गेली. एकत्रीकरण, एकत्रीकरण... कानाला गोड शब्द. चार ठिकाणचे नोकर एका यादीत घातले आणि भाजीच्या टोपलीसारखी ती यादी हलवली. कोण वर आला, कोण तळाला गेला, कुणाला पत्ता नाही. आषाढात वामनच्या हातात हुकूम पडला. पार विंध्याकडच्या एका तहसिलीच्या गावी बदली. मुलगी शाळेत शिकणारी, वहिनींना दम्याचा त्रास. माणूस बुऱ्हाणपुराबाहेर कधी सलग आठ दिवस राहिलेला नाही. हुकूम काढणाऱ्याला याचं काय? त्याने नकाशावर बोट ठेवलं असेल आणि जेवायला गेला असेल.

आम्ही गल्लीने ठरवलं, नागरिकांतर्फे अर्ज करायचा. अर्ज लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी मराठीचा शिक्षक, गावात मानपत्र असो की निषेधाचा ठराव, लेखणी माझीच चालते. मी चार पानं लिहिली. काय भाषा होती! "आपल्या कृपाछत्राखाली", "करुणार्द्र अंतःकरणाने"... एक ओवीसुद्धा घातली होती. घरोघर सह्या झाल्या आणि अर्ज भोपाळला गेला. मराठीत. नागपूरच्या जुन्या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही चालायच्या, आमच्या बापजाद्यांनी असेच अर्ज केले होते. नवं राज्य आलं म्हणून अर्ज वेगळ्या भाषेत करायचा हे आमच्या डोक्यात आलंच नाही. महिन्याने अर्ज परत आला. समासात लाल पेन्सिलीने एकच ओळ होती, "प्रार्थना-पत्र हिंदी में भेजा जाए।"

मी पेटलो. त्या ओळीचा राग मला अजून आहे, तो मी खोटा म्हणणार नाही. एका माणसाचं घर मोडतंय आणि तुम्ही चार पानांवर लाल रेघ मारून परत धाडता? तुमच्या कचेरीत मराठी वाचणारा एक कारकून मिळू नये? त्याच रात्री मी दुसरा अर्ज लिहिला, सहा पानांचा, मराठीतच, आणि त्यात वामनपेक्षा मराठीच जास्त होती. वामन माझ्यासमोर बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "अरे मास्तर, हिंदीत लिहून टाक ना. दिवसभर बाजारात तू हिंदीच तर बोलू राहिला."

"प्रश्न तत्त्वाचा आहे, वामन."

"तत्त्व तुझं आहे बापा, बदली माझी आहे. मले काही झेंडा नाही गाडायचा. मले घरी राहायचं आहे." मग म्हणाला, "तुले जमत नसंल तर मीच लिहू का मोडकीतोडकी?"

आणि मी, त्याचा मित्र म्हणवणारा, त्याला काय म्हणालो? तू वेगळा अर्ज केलास तर आमचा सगळा लढा पडेल, गल्ली तोंडघशी पडेल, मला शब्द दे. त्याने शब्द दिला. वामनने दिलेला शब्द...

दिवाळीआधी तो गेला. वहिनींना नेलं नाही, कारण बदली आज-उद्या रद्द होणारच, असं मीच छातीठोक सांगत होतो. दुसऱ्या अर्जाला उत्तर नाही, तिसऱ्यालाही नाही. त्याची पत्रं यायची. इथे नदी आहे, पण सगळे धोंडे, बसायला रेती नाही. खानावळीत भाताशिवाय काही नाही. ताप येतो-जातो. अर्जाचं काय झालं? शेवटच्या पत्रात विचारलं होतं की मोठ्या रेतीवर जाणं सुरू झालं का आणि झिरा कोण खणतो. मी दर पत्राला उत्तर दिलं आणि दर उत्तरात लिहिलं, "धीर धर, लढा चालू आहे." कसला लढा! मी घरी वरण-भात जेवून आरामखुर्चीत बसून लढत होतो आणि तो तिकडे तापात पडून होता.

शोकसभा संपल्यावर दाराशी एक ओळखीचा चेहरा भेटला. तुकईथड गावचा, वामनच्याच कचेरीतला, त्याच यादीत बदली झालेला. मी त्याला विचारलं, तुम्ही इथे कसे? तो बिचारा ओशाळून म्हणाला, "गुरुजी, मी तर अर्धं पान लिहून देल्लं होतं हिंदीत. आई बीमार आहे म्हून. महिन्याभरात आडर कॅन्सल." सभेत दीड तास मराठीवर भाषणं ऐकून मी बाहेर आलो होतो आणि पायरीवर या माणसाने मला एका वाक्यात सगळं सांगितलं. टाळ्या घेणाऱ्या त्या गृहस्थांना आणि मलाही कुणीतरी हे भर सभेत ऐकवायला हवं होतं. मराठी माझी आई आहे, तिला कुणी हात लावला तर मी आजही भांडेन. पण भांडायचं होतं तर माझी नोकरी पणाला लावायची होती. दुसऱ्याच्या संसारावर उभं राहून आरोळ्या ठोकणं सोपं असतं.

गेल्या रविवारी वहिनींचा निरोप आला. मुलीला घेऊन मोठ्या रेतीवर जायचं म्हणाल्या. गल्लीतल्या बायका कुजबुजल्या, अजून दोन महिने झाले नाहीत आणि ही निघाली भरीत खायला. वहिनींनी एवढंच म्हटलं, "सभेत सगळे खूप बोलले. आता जरा वेळ गप बसू द्या." आम्ही गेलो. सगळी घरं होती, पण प्रत्येक घराने पाण्याची कळशी घरूनच भरून आणली होती. झिऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. वारा होताच, मुली टोप्यांमागे धावत होत्या, वांगी जाळावर टाकली होती. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि पिशवीतून कोरा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"भाऊजी, त्यांची पेटी तिकडच्या कचेरीत पडून आहे. कपडे आहेत, चष्मा आहे, तुमची पत्रंही त्यातच असतील. अर्ज केल्याशिवाय देत नाहीत म्हणे." मग खाली बघून म्हणाल्या, "हिंदीतच लिहा."

कागद उडू नये म्हणून मी तो गुडघ्यावर घट्ट दाबून धरला आणि लिहायला लागलो. सेवा में... निवेदन है कि... एकही शब्द अडला नाही. कुठे खोडावं लागलं नाही. खाली सहीची जागा सोडून मी कागद वहिनींना दिला, तेव्हा जाळावरची वांगी अजून एका अंगाने कच्ची होती.

"झाला?" वहिनींनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. "इतक्यात?"