एका ठिपक्यानं

हे मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. मुलं मोठी झाली, त्यांना वाटतं त्यांचा बाप सरळ माणूस. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी तोंड उघडतं आहे.

मिरजगावात हमरस्त्याला लागून माझं शिवणाचं दुकान होतं. आता शिवणाऱ्या माणसाला नाद कसला असावा? मला फाशांचा नाद होता. खेळायचा नव्हे — जमवायचा. जुगार मी कधी खेळलो नाही, पैजही लावली नाही. फासा हातात घेऊन त्याच्या सहा अंगांवर ठिपके कसे मांडलेत हे बघायचं, एवढाच माझा खेळ. दुकानापुढं ट्रक थांबायचे. ड्रायव्हर लोकांचे फुटके, झिजलेले, एखादा कोपरा उडालेले फासे मी मागून घ्यायचो. बटणांच्या डब्यात ठेवायचो.

तुम्ही कधी नीट बघितलाय का फासा? एकाच्या पाठीला सहा असतो. दोनच्या पाठीला पाच, तीनच्या पाठीला चार. कुठल्याही समोरासमोरच्या बाजू घ्या, बेरीज सातच. आणि एक, दोन, तीन हे आकडे ज्या कोपऱ्यात भेटतात तो कोपरा डोळ्यासमोर धरला, की काही फाशांत ते घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात आणि काहींत उलटे. दोन भावांसारखे — चेहरा तोच, वळण वेगळं. हे मला कळलं तेव्हा किती आनंद झाला होता. पण सांगणार कुणाला? लोक म्हणायचे, शिंप्याचं डोकं फिरलंय.

एकटा किसन ऐकायचा. किसन माझा धाकटा भाऊ. शेती तोच बघायचा. अंगानं दांडगा, मनानं अगदी मोकळा. बाजाराला, जत्रेला कुठंही गेला तरी माझ्यासाठी फासा शोधायचा. मी ठिपक्यांबद्दल बोलत बसलो की तो विडी विझवून ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "दादा, तुजं डोस्कं लई भारी."

एका जत्रेत पोलिसांनी जुगाराचा खेळ उधळून लावला. माणसं पळाली, धुळीत दोन फासे पडले होते. किसननं ते उचलून मला आणून दिले. पांढऱ्या हाडाचे, ठिपके तांबडे, कडा अजून धारदार. तो माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला — आवडले का, म्हणून.

मी ते फिरवून बघितले, आणि मला दिसलं. एका फाशावर चारच्या पाठीला चारच होता. पाचच्या पाठीला पाच, सहाच्या पाठीला सहा. दुसऱ्यावर एक, दोन, तीन — तेही तसेच दोनदोनदा. माणसाला फाशाच्या एका वेळी तीनच बाजू दिसतात. पाठची बाजू दिसत नाही. त्यामुळं कसाही धरा, कुठूनही बघा, समोर तीन वेगळे आकडे येतात आणि मनात काही येत नाही. लबाडाचे फासे होते ते. जत्रेत भोळ्या माणसाच्या हाती छोट्या आकड्यांचा जायचा, मोठ्या आकड्यांचा खेळवणाऱ्याकडं राहायचा.

तेव्हाच मी किसनला दाखवायला हवं होतं. त्यानं एवढ्या हौसेनं आणलेले, त्याचं तोंड पडेल, म्हणून मी नुसतं "झकास" म्हटलं. ते खरंच त्याच्यासाठी होतं का? की तेव्हाही काहीतरी माझ्याजवळ राखून ठेवावंसं वाटलं होतं? मला आज सांगता येत नाही.

मग वडील गेले आणि वाटणीची गोष्ट निघाली. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची ही गोष्ट. जमिनीचे दोन तुकडे होते. एक विहिरीचं रान — लहान, पण काळं, बागायती. दुसरा माळ — दुपटीनं मोठा, मुरमाड, पावसावर. मामा मधे बसले. ते म्हणाले, विहीर तोडून वाटणं धड होत नाही, एकानं विहीर घ्यावी, एकानं माळ. कुणी काय घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवू.

किसन हसला. म्हणाला, "चिठ्ठ्या कशाला मामा? दादाकडं इतकं फासं हायेत. जास्ती दान पडंल त्याची हीर."

त्यानंच म्हटलं. मी सुचवलेलं नाही — पण हे मी का सांगतोय? पुढचं सगळं माझंच आहे.

ठरलेल्या दिवशी मी दुकानातून निघालो तेव्हा डाव्या खिशात एक फासा होता, उजव्या खिशात एक. डब्यात इतके खरे फासे होते. त्यांतला एक घ्यायला काय लागत होतं? मला विहिरीचं रान हवं होतं. शिवण मला पुरत होतं, शेतात मी कधी घाम गाळलेला नव्हता, तरी हवं होतं. ती विहीर माझी आहे असं मला म्हणायचं होतं. याच्यापेक्षा मोठं कारण मी शोधून बघितलं. मिळालं नाही.

विहिरीजवळच्या बाभळीखाली घोंगडी टाकली. मामा म्हणाले, एकच फासा घ्या, दोघं आळीपाळीनं टाका. मी म्हणालो, ज्याचा त्याचा वेगळा असावा, म्हणजे मागाहून कुणाच्या मनात काही राहायला नको. हे वाक्य मी घरून जुळवून आणलं होतं.

किसननं तळहात पुढं केला. माझ्याकडं बघतही नव्हता, मामांशी काहीतरी बोलत होता. मी डाव्या खिशातला फासा काढून त्याच्या हातावर ठेवला.

तो ठेवतानाचा क्षण — तिथं मी थांबू शकलो असतो. पुष्कळदा मी तिथं परत जाऊन उभा राहतो.

"आरं, ह्यो तर म्याच आणल्याला," तो खुशीत म्हणाला. "एकडाव टाकून बगू का, हातात बसतोय का?"

मी म्हणालो, "न्हाई. जे पडंल ते एकदाच."

त्यानं टाकला. तीन पडले. मी टाकला. चार.

मामांनी वाकून बघितलं आणि मान हलवली. मी दोन्ही फासे लगेच उचलले. किसननं घोंगडी उचलून झटकली. मग म्हणाला, "एका ठिपक्यानं गेली." आणि हसून माझ्या पाठीवर हात ठेवला. "दादा, हीर तुजी."

दुकानात आल्यावर मी ते दोन्ही फासे इस्त्रीतल्या निखाऱ्यांवर टाकले. हाड जळाल्याचा वास सुटला. कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, कापड जळालं का? मी हो म्हणालो. बाकीचे फासे मी पुढं ज्याला त्याला देऊन टाकले. नाद का सोडला असं किसननंच विचारलं. मी सांगितलं, आता शेती आहे ना.

त्यानं तोंडातून कधी तक्रार काढली नाही. मी त्याची जमीन खाल्ली, पण नुसती जमीन खाल्ली असती तर — नाही, तेही कमी नव्हतं. पण मी त्याचं आणखी काहीतरी घेतलं, आणि ते मला हळूहळू दिसत गेलं.

पुढच्या साली त्यानं बियाण्याची पहिली मूठ स्वतः धरून माळावर बाजरी पेरली. पाऊस आलाच नाही. सगळ्या मुलखात कुणाचंच उगवलं नाही. पण किसन म्हणाला, "म्या मूठ धरली म्हणून. माजा हातच वाईट हाय." मला वाटलं, बोलतोय आपला. पण ते त्याच्या मनात रुतून बसलं होतं. एका ठिपक्यानं विहीर घालवलेला तो हात! त्यानंतर बी सोडायला त्यानं पाभरीच्या चाड्यावर हात ठेवला नाही. पेरणीला मला बोलावणं यायचं. मी शिवणारा माणूस, मला बी सोडता येत नव्हतं, तरी पहिली मूठ मी धरायची आणि मग बाकीचं त्याची बायको सखू पेरायची. त्याला मुलगी झाली, तिला उचलून घ्यायला तो कितीतरी दिवस भीत होता. म्हशीला दावं बांधायचं तर शेजाऱ्याला हाक मारायचा. हा तोच दांडगा माणूस, जो कधी कुणाला न विचारता बैल खरेदी करायचा.

एक वाक्य पुरलं असतं. किसन, तुझा हात वाईट नाही, फासा वाईट होता. एवढंच. मी ते म्हटलं नाही.

दुष्काळात माझ्या विहिरीच्या तळाशी पाणी टिकलं. सखू घागर घेऊन यायची, मी कधी अडवलं नाही. ती चारचौघींत म्हणायची, आमच्या दादांचं मन लई मोठं. मी ते ऐकून घ्यायचो.

माळावर पोट भरेना तसं दोघं ऊसतोडीला गेले. राहुरीच्या बाजूला. दुसऱ्या हंगामात एका दुपारी ट्रकवाला दुकानी निरोप घेऊन आला — किसनचं पोट दुखतंय, दादाला बोलवा.

मी पोचलो तेव्हा तो उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत पडला होता. ओठ सुकलेले, पोट ताठ. सखू रडत रडत माझ्यावरच चिडली. "परवापासनं म्हनतीय दवाखान्यात चला. मुकादम गाडी देत हुता. पर न्हाई. म्हनत्यात, माज्या मनानं गेलो तर वंगाळच हुईल. दादाला येऊ द्या, दादा म्हनंल तसं."

तो माझी वाट बघत दोन दिवस पडून होता. समजतंय ना तुम्हाला? दवाखान्यात जायचं हेसुद्धा त्याला स्वतःचं स्वतः ठरवता येत नव्हतं. कुणी केलं त्याला असं?

उसाच्या ट्रकमधून त्याला नगरला नेलं. सखू मुलीला घेऊन मागं थांबली. केबिनमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शुद्ध होती. तो म्हणाला, "दादा, आलास बरं झालं. आता तुज्या हातात." वाट लांबची होती. आम्ही दोघंच होतो म्हटलं तरी चालेल, ड्रायव्हर आपल्या नादात होता. याच्यापेक्षा चांगली वेळ मला देवानंसुद्धा दिली नसती.

मी म्हणालो, "बोलू नको, दम लागंल."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आत आतडं फुटलंय, उशीर झालाय, तरी ऑपरेशन करू. कागदावर अंगठा मागितला. किसननं हात घोंगडीखाली ओढून घेतला. म्हणाला, माझा नको, दादाचा घ्या. मी सही केली. त्याला आत नेलं. तो परत आला नाही.

लोकांनी माझं सांत्वन केलं. भावासाठी धावला, म्हणाले.

मी सखूला विहिरीचं पाणी दिलं, पाळी लावून दिली, तिच्या मुलीचं लग्न लावलं. जमीन दिली नाही. जमीन दिली असती तर का दिली ते सांगावं लागलं असतं. आज ते रान माझ्या थोरल्याच्या नावावर आहे, आणि त्याला वाटतं ते त्याच्या आजोबांकडून सरळ वाटणीनं आलेलं.

सखू आहे अजून. कमरेत वाकलीय, पण चालतीफिरती आहे. माझ्या ओसरीवरून तिच्या घराचं दार दिसतं. मधे फक्त एक बांध आहे. या साली पेरणीच्या दिवशी तिनं पुन्हा माणूस पाठवला, दादांना म्हणावं मूठ धरायला या. मला आता चालवत नाही, नातवाच्या खांद्याला धरून गेलो. तिनं माझ्या पायावर पाणी घातलं, डोक्यावर पदर घेऊन वाकली.

मी मूठ धरली. बी सोडलं. आणि काही न बोलता घरी आलो.