शेवटच्या बाकावरचं नाव

“पिवळे मागे लाव. पिवळे म्हणजे आरटीईवाले. कळलं ना मावशी?”

कोऑर्डिनेटर मॅडमनी स्टिकरची दोन पाकिटं माझ्या हातात दिली. एक पांढरं, एक पिवळं. शाळा उघडायला आठ दिवस होते. बाकं धुऊन पुसून झालेली. आता प्रत्येक बाकावर पोरांची नावं चिकटवायची होती.

“आणि हात स्वच्छ आहेत ना तुझे? दाखव.”

मी दाखवले. आधी पंजे, मग उलटे करून. लहान पोरांची नखं तपासतात तसे. पस्तीस वर्षांची बाई मी.

कोलशेतच्या त्या इंग्रजी शाळेत मी ठेकेदाराकडून साफसफाईला होते. वर्ग, जिने, संडास. राहायला दिव्याला. माझी मुलगीही त्याच शाळेत. गरिबांच्या पोरांसाठी सरकारने ठेवलेल्या आरटीईच्या जागांच्या लॉटरीत तिचं नाव लागलेलं. पहिली संपवून ती दुसरीत चाललेली.

ती माझी मुलगी आहे हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. पालकसभेला नवरा जायचा. पोरीला मी पहिल्याच दिवशी बजावलेलं, “शाळेत मला आई म्हणायचं नाही.”

का? तर भीती. संडास धुणाऱ्या बाईची पोर आपल्या पोरांजवळ बसते, हे बाकीच्या आईबापांना कळलं तर? माझं काम जाईल. तिचा प्रवेश जाईल. असा काही नियम आहे का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचीही भीती होती.

वर्षभर ती माझ्या बाजूने जिना उतरायची. बोलायची नाही. जाताना माझ्या बादलीला एक बोट लावायची, बस. एकदा मीच पुसलेल्या ओल्या लादीवर घसरली. गुडघा फुटला. मी धावले. “लागलं का बाळा?”

ती म्हणाली, “नाही मावशी.”

सहा वर्षांची होती.

तर स्टिकर. दुसरीच्या वर्गात आधी पांढरे लावले. मग पिवळे, आठ होते. इंग्रजी अक्षरं मी पोरीबरोबरच शिकलेली, एकेक जोडत वाचते. सहावा पिवळा उचलला. माझ्या पोरीचं नाव.

भिंतीला लागून कपाट होतं, त्याच्या शेजारचं शेवटचं बाक.

मी लावला. खोटं कशाला बोलू? माझ्याच हाताने लावला. फुगा राहू नये म्हणून वरून अंगठा फिरवला. आणि मग त्याच बाकावर बसले.

गेल्या वर्षी पोरगी सारखी म्हणायची, “आई, फळ्यावरचं दिसत नाही.” मी एक खाडा करून तिला सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली. तिने खालच्या ओळीपर्यंत सगळी वाचली. “डोळे चांगले आहेत. बहाणे करते पोरगी,” डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन मी तिच्या कानाखाली मारली. खोटं बोलते म्हणून.

आता मी तिच्या बाकावरून फळा बघत होते. माझी पोर वर्गात सगळ्यात बुटकी. पुढे सहा ओळी.

संध्याकाळी घरी वह्यांना खाकी कव्हरं घालत बसलो. ती कागद दाबून धरत होती, मी दुमडत होते.

“मागच्या वर्षी तू कुठे बसायचीस गं?”

“लास्टला. कपाटाकडे.”

“पुढे बसवा म्हणून टीचरला सांगितलं नाहीस?”

“सांगितलेलं. टीचर बोलली, तुमची जागा तिकडेच.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

तिने मान वर केली. “सांगितलं ना. दिसत नाही म्हणून सांगितलं.”

मला पुढचं कव्हर घालता येईना. नवरा माजिवड्याला एका गोडाऊनवर वॉचमन आहे. तो आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. “गप राहा. आठवीपर्यंत काढायचीय पोरीला तिथे. त्यांनी काढून टाकलं तर कुणाच्या दारात जायचं?”

माझ्या मनात तेच होतं.

सकाळी बाकीच्या वर्गांचे पिवळे स्टिकर घेऊन मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. लघवीला लागल्यासारखं होत होतं.

“मॅडम, मी हे मागे नाही लावणार.”

त्या आधी हसल्या. “तुला काय प्रॉब्लेम आहे? कोणी कुठे बसायचं ते तू ठरवणार?”

“दुसरीत माझी मुलगी आहे.” मी नाव सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या एप्रनकडे. “तुझी? आपल्या शाळेत?”

“हो. माझी. मी तिची आई.”

मॅडम उठल्या, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “हे बघ, तिला इथे शिकायचंय ना? मग विषय वाढवू नकोस.”

वर्षभर ज्या वाक्याची भीती वाटत होती, ते हेच. आलं एकदाचं. मी उभीच होते. पडले नाही.

मी सरळ दुसरीच्या वर्गात गेले. नखाने पोरीचा स्टिकर खरवडला. अर्धा निघाला, अर्धा फाटला. मग बाकीचे सात. मॅडम दारातून ओरडत होत्या. मी वळून बघितलं नाही. धीट म्हणून नाही. बघितलं असतं तर माफी मागितली असती.

दुपारी ठेकेदाराचा फोन आला. उद्यापासून येऊ नको.

त्या आठवड्यात मी बाकीच्या सात पोरांची घरं शोधत फिरले. दोघांनी दार लावून घेतलं. एक बाई हात जोडून म्हणाली, “ताई, आमचं नाव नका घालू.” तिचा राग नाही आला. मी तिच्याच जागी होते आठ दिवसांपूर्वी. चौघं तयार झाली. मराठीत अर्ज लिहिला, ठाण्याला शिक्षण विभागात नेऊन दिला, पोच घेतली.

शाळा उघडली. बाकांवर आता सगळेच स्टिकर पांढरे आहेत. पोरं तिथेच आहेत, मागे. कोण कुठे बसणार हे शाळा ठरवते, असं दारातच ऐकवलं मला.

अर्जाला उत्तर नाही. सोमवारी परत जाणार आहे. उत्तर नसलं तर त्याच्या पुढच्या सोमवारी. नवरा घाबरतो, मीही घाबरते. असू दे. पोरीला काढायची असेल तर काढा. पण तोंडी नाही. कागदावर काढा. आणि का काढली ते त्या कागदावर लिहा. तोपर्यंत मी विचारत राहणार.